पायाचा फोटो छापता, तसं हायड्रोसिलचंही नाव छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की तुमच्या पेपरात बातमी येते, हल्ली १० फेब्रुवारीला सुरू होते ती, आशाताई घरोघरी येणार, सर्वांनी त्यांच्यासमोरच गोळ्या खाव्यात वगैरे, आणि बातमीच्या बाजूला फोटो असतो तो सुजलेल्या पायाचा. कितीतरी वर्ष मी हाच पाय बघून राहिलो. पण याच रोगानं पुरुषाच्या अंडकोषात पाणी भरतं, ज्याला हायड्रोसिल म्हणतात, आमच्याकडचे म्हातारे अंडवृद्धी म्हणतात, ते बातमीत एक तर नसतंच, नाहीतर शेवटच्या ओळीत "व इतर अवयवांना सूज" असं लिहून संपवलेलं असतं. इतर अवयव म्हणजे कोणते ते कोणीच लिहीत नाही. मला त्या इतर अवयवाचं दुखणं ९ वर्ष होतं म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र लांब झालंय, कापायचं असेल तर मधलं काहीही कापा पण तो शब्द कापू नका.

मी भंडारा जिल्ह्यातला धानाचा शेतकरी, वय ५१, घराला लागून छोटं किराणा दुकान आहे. ३९ व्या वर्षी डाव्या बाजूला जड वाटायला लागलं. दुखत काहीच नव्हतं, आणि हीच या रोगाची मोठी फसवणूक आहे, दुखलं असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला असता. मला वाटलं सायकलच्या सीटमुळे असेल, मग वाटलं धानाचे पोते उचलून झालं असेल. पहिल्या वर्षी लिंबाएवढी सूज, दोन वर्षांत संत्र्याएवढी, आणि शेवटी शेवटी नारळ कमरेला बांधून फिरावं तसं झालं होतं. मधून मधून थंडी वाजून ताप यायचा, जांघेत अवधाण यायचं, दोनतीन दिवस अंथरुणात पडून राहायचो आणि उतरलं की पुन्हा कामाला. आईचं म्हणणं होतं अमावस-पुनवेला येतं ते, आमच्या भागात सगळे असंच म्हणतात. मी सुद्धा तेच धरून बसलो.

लपवण्यात किती अक्कल आणि किती वेळ जातो हे ज्याला झालंय त्यालाच माहीत. आधी पँट सोडली, ढगळ पायजामा घातला. मग दोन चड्ड्या एकावर एक. मग दुपट्टा खांद्यावरून काढून कायम पुढे हातात धरायची सवय लागली, फोटोत बघाल तर पाचसहा वर्षांच्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत मी दुपट्टा पुढे धरून उभा आहे. पंगतीत मांडी घालून बसता येईना म्हणून "वाढायचं काम मी बघतो" म्हणायचो आणि सर्वांचं झाल्यावर उभ्यानं खायचो. सगळ्यात वाईट म्हणजे रोवणीचे दिवस. बांधीतल्या चिखलात गुडघाभर पाण्यात पेंढ्या फेकायच्या, आणि ओला कपडा अंगाला चिकटला की काहीच लपत नाही, आणि बांधीत वीसपंचवीस बाया रोवत असतात. ज्या बांध्यांमध्ये मी वयाच्या बाराव्या वर्षापासून उतरत होतो त्या बांध्यांच्या धुऱ्यावर मी छत्री घेऊन उभा राहायला लागलो, मजुरांना वाटलं मालकाला माज आला. ते मला ऐकू यायचं. पण खरं कारण सांगण्यापेक्षा माज आला म्हटलेलं बरं असं वाटायचं, याच्यावरून समजून घ्या लाज काय चीज आहे ते.

लघवीचंही सांगतो, कारण हे कुठंच लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. सूज मोठी झाली की सगळी कातडी ओढली जाते आणि लिंग त्या सुजेच्या आत दबून जातं, मग धार नीट जात नाही, कपड्यावर उडते, ओलं राहतं, कातडीला चिरा पडतात, खाज सुटते, वास येतो. बाजारच्या दिवशी मी सकाळपासून पाणी प्यायचो नाही. बायकोशी संबंध तर केव्हाच बंद झालेले, तिला मी पाठदुखीचं कारण सांगितलं होतं.

हे सगळं मी नवीन नाही बघितलं. आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांना हेच होतं, त्यांचं तर गुडघ्यापर्यंत आलेलं. धोतर नेसायचे आणि कायम ओसरीच्या एका कोपऱ्यात बाजेवर बसलेले असायचे. गावात त्यांना एक नाव पडलं होतं, ते मी इथं लिहिणार नाही. आम्ही पोरं ते नाव घेऊन पळायचो आणि ते काठी उगारायचे, उठता मात्र यायचं नाही त्यांना. मी पण पळालोय. ते वारले तेव्हा अंघोळ घालताना पहिल्यांदा नीट दिसलं, आणि घालणारे जाणते लोक पण नजर वळवून घेत होते. माझी सूज जेव्हा संत्र्याएवढी झाली तेव्हा रात्री झोप यायची नाही आणि डोळ्यासमोर ते बाजेवरचे मोठे बाबा यायचे. मला त्यांची माफी मागायची होती आणि ते तर राहिले नव्हते.

आता कारण काय ते सांगतो, जे मला ऑपरेशन झाल्यावर कळलं आणि जे ३९ व्या वर्षी कळायला पाहिजे होतं. हा रोग डासानं होतो. मलेरियाचा डास वेगळा, डेंग्यूचा वेगळा, हा क्युलेक्स नावाचा, घाण साचलेल्या पाण्यात वाढणारा, म्हणजे नाल्या, उकिरड्याच्या बाजूची डबकी, न झाकलेले शोषखड्डे आणि संडासच्या टाक्या. तो चावला की बारीक कृमी अंगात शिरतात, दोऱ्यासारखे मोठे होतात आणि लसिका वाहिन्यांमध्ये, म्हणजे अंगातल्या पाण्याचा निचरा करणाऱ्या ज्या नळ्या असतात त्यात, घर करून सहासात वर्ष जगतात. पुरुषांमध्ये त्यांची आवडती जागा म्हणजे अंडकोषाच्या भोवतीच्या नळ्या. अंडाभोवती एक दुपदरी आवरण असतं, त्यात जेमतेम ओलावा राहील एवढंच पाणी असतं, निचरा बंद पडला की ते साचत जातं. बांधीची मोरी बुजल्यावर पाणी तुंबतं तसंच. म्हणजे सायकल नाही, पोतं नाही, तरुणपणातल्या चुका नाहीत, बाहेरचा नाद नाही, कोणाचा शाप नाही. बायकोला यानं काही होत नाही, तिच्याकडून आपल्याला होत नाही. डास चावला, एवढंच, आणि तो सरपंचालाही चावतो आणि गुराख्यालाही.

आयुर्वेदात सुद्धा मूत्रवृद्धी म्हणून याचं वर्णन आहे आणि उपमा दिलीये पाण्यानं भरलेल्या पखालीची. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या वैद्यांना हे लिहायला लाज वाटली नाही. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस नावाच्या डॉक्टरनं माणसाच्या रक्तात हे कृमी पाहिले, आपल्या सरकारनं फायलेरिया म्हणजे याच हत्तीरोगाच्या नियंत्रणाचा कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू केला, आपल्या जवळ सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात यावर वर्षानुवर्ष संशोधन झालं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की जगात अडीच कोटी पुरुषांना या रोगानं हायड्रोसिल झालंय, आणि हातापायाला सूज असलेले दीड कोटी. साहेब, हा आकडा मी दोनदा वाचला. पायवाल्यांपेक्षा आम्ही जास्त आहोत. पण फोटो पायाचा येतो कारण पाय दाखवता येतो. फोटो आमचा छापा असं मी म्हणत नाही, नाव तर छापा.

नाव छापलं जात नाही मग माणूस कुठं जातो तर भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीकडे. मी पण गेलो. सूज संत्र्याएवढी असताना तालुक्याच्या बाहेर एका "गुप्तरोग तज्ज्ञा"कडे गेलो, लांब एवढ्यासाठी की ओळखीचं कोणी भेटू नये. त्यानं नीट तपासलं पण नाही, आधी विचारलं लग्नाआधी काय काय केलं, मग पुड्या दिल्या, दर महिन्याला दोन हजार, पाच महिने. काही उतरलं नाही. नंतर दुसऱ्या एका दवाखान्यात सुईनं पाणी काढून दिलं. मोठी सिरिंज लावून काढत गेले, तणसाच्या रंगाचं पिवळसर स्वच्छ पाणी, एक प्लास्टिकचा मग भरत आला, आणि मी उठलो तेव्हा इतकं हलकं वाटलं की मला बाहेर येऊन रडू आलं. त्या दिवशी घरी जाताना मी जिलेबी घेतली. दोन महिन्यात पाणी परत भरलं. परत काढलं, परत भरलं, तिसऱ्या वेळी आत पिकलं, ताप चढला आणि दहा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. आवरण तिथंच आहे, निचरा बंदच आहे, मग नुसतं पाणी काढून कसं चालेल हे मला शेतकऱ्याला तरी कळायला पाहिजे होतं, पण मोकळं वाटण्याची हाव असते ना. सुईनं पाणी काढणं हा या रोगावरचा इलाज नाही, उलट आत जंतू जायची भीती, हे सर्जननी मला नंतर स्पष्ट सांगितलं.

बायकोला कळलं ते त्या पिकण्याच्या वेळी. तिनं चड्डीवर डाग पाहिले. मी तापात पडलेलो, ती बाजेजवळ बसली आणि म्हणाली, अजी, मला वाटलं तुमचं माझ्यावरचं मन उडालं. चार वर्ष ती हे मनात घेऊन स्वयंपाक करत होती, शेतात येत होती, माझ्या आईचं करत होती. मी काही बोलू शकलो नाही. ती म्हणाली दाखवा. मी नाही म्हटलं. तिनं कंदिलासारखा मोबाईलचा उजेड धरला आणि पाहिलं आणि एवढंच बोलली की हे तर मोठ्या सासऱ्यांसारखं आहे, हे तर रोग आहे, याच्यात लपवण्यासारखं काय आहे. मला वाटतं त्या दिवशी माझं अर्धं दुखणं गेलं.

तरी पण दवाखान्यात जायला आणखी वर्ष गेलं, हे कबूल करतो. कारण गोळ्या घेऊन यायची ती आशाताई, आणि ती माझ्या लहान भावाच्या वर्गात शिकलेली, गावातलीच मुलगी. ती दारात काठी लावून उंची मोजायची (आयव्हरमेक्टिन नावाची गोळी उंचीप्रमाणे किती द्यायची ते ठरतं, नागपूर जिल्हा देशातल्या ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत ही तीन औषधांची पद्धत सुरू झाली त्यातला, नंतर आमच्याकडे आली), यादीत लिहायची, आणि विचारायची कोणाच्या पायाला सूज आहे का? मी म्हणायचो नाही. खोटं नव्हतं ते, पायाला नव्हतीच. तिनं तरी पुढचं कसं विचारावं आणि मी तरी तिला कसं सांगावं. मी आशाताईंना बोल लावत नाही, उन्हात घरोघरी फिरतात आणि लोक गोळी हातात घेऊन "नंतर खातो" म्हणतात तेही ऐकतात. पण हा प्रश्न तिच्यावर टाकणंच चुकीचं आहे.

मला वाचवलं एका आरोग्य सेवकानं. ते रात्रीचं रक्त घ्यायला आलेले. हे पण लोकांना माहीत नसतं, या रोगाचे कृमी दिवसा फुप्फुसाच्या बारीक नसांमध्ये दडून बसतात आणि रात्री अंगभर रक्तात फिरतात, कारण तो डास रात्रीच चावतो, म्हणून तपासणी रात्री आठ वाजल्यानंतर करावी लागते. हिवाळ्याचे दिवस, दुकान बंद करत होतो, ते सायकलवरून उतरले, बोटाला टोचलं, काचेवर रक्त घेतलं, आणि पुसता पुसता अगदी हळू आवाजात, काचेकडेच बघत, म्हणाले, "भाऊ, खाली अंडकोषाला सूज आहे का? या गावात मला आतापर्यंत चौघांनी सांगितलं." बस. एवढंच वाक्य. चौघांनी सांगितलं हे ऐकलं आणि माझ्या तोंडून आहे निघून गेलं. त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, खिशातून डायरी काढली, माझा नंबर घेतला, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की अमुक वारी सरकारी दवाखान्यात या, मी गेटवर उभा राहतो. आणि उभे होते खरंच.

रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे कृमी सापडले नाहीत. मला वाटलं मग हे फायलेरियाचं नाही. डॉक्टर म्हणाले असं पुष्कळ वेळा होतं, कृमी मरून जातात पण नळ्या खराब करून जातात, सूज राहते. हे मुद्दाम लिहितो कारण निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन घरी बसलेले लोक मी पाहिलेत.

तपासणी काय होती तर सर्जननी खोलीतला लाईट बंद केला आणि साधी बॅटरी त्या सुजेला मागून लावली. सगळं लाल-गुलाबी उजळलं, दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखं. म्हणाले बघा, उजेड आरपार जातो म्हणजे आत पाणी आहे, मांसाची गाठ असती तर अंधार दिसला असता. नऊ वर्ष ज्याच्याकडे मी स्वतः उजेडात पाहिलं नव्हतं ते मी तिथं नीट पाहिलं. मग सोनोग्राफी झाली, अंतर्गळ म्हणजे हर्निया नाही ना ते पण बघितलं, शुगर, बीपी, रक्त सगळं तपासलं.

ऑपरेशन पाठीत सुई देऊन झालं, कमरेखालचं बधिर, मी जागा होतो, डॉक्टर आणि सिस्टर आपसात बोलत होते ते ऐकू येत होतं. पाऊण तास लागला असेल. पाणी काढतात आणि ते वाढलेलं आवरणच कापून टाकतात म्हणून पुन्हा भरायला जागा राहत नाही. एक बारीक नळी ठेवली होती ती दुसऱ्या दिवशी काढली. चार दिवस दवाखान्यात. नंतर घट्ट लंगोट बांधून ठेवायचा, महिनाभर वजन उचलायचं नाही, सायकल नाही, जागा कोरडी ठेवायची. एक गोष्ट आधी सांगतो म्हणजे घाबरणार नाही, ऑपरेशननंतर काही आठवडे सूज राहते, कडक लागते, मला वाटलं परत भरलं, पण हळूहळू उतरली. खर्च? सरकारी दवाखान्यात एक पैसा लागला नाही. त्याआधी पुड्या आणि सुया मिळून माझे पंचवीस हजाराच्या वर गेले होते.

त्या वॉर्डाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही सहा जण होतो, सगळे याच ऑपरेशनचे. पहिल्या रात्री सगळे भिंतीकडे तोंड करून, चादर गळ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी एका सत्तरीतल्या बाबांनी सुरुवात केली, म्हणाले तीस वर्ष घेऊन फिरलो, मुलीच्या लग्नात मांडवात गेलो नाही, मागच्या दारानं अक्षता टाकल्या. मग एकेक जण बोलायला लागला. एक २४ वर्षाचा पोरगा होता, लग्न ठरत होतं आणि तो दरवेळी मोडत होता, घरच्यांना वाटायचं त्याचं बाहेर काही आहे. एक ड्रायव्हर होता, त्याला क्लच दाबताना त्रास व्हायचा म्हणून त्यानं गाडी सोडून हमाली धरली. प्रत्येकाला वाटत होतं की पंचक्रोशीत आपण एकटेच. संध्याकाळी सहाही जण लंगोट बांधून, पाय फाकवून, व्हरांड्यात हळूहळू चालत होतो आणि बोलत होतो, धानाचा भाव, पाऊस, पोरांची शिक्षणं. मला नऊ वर्षात इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

लोक जे मला आता गुपचूप दुकानात येऊन विचारतात त्याचं उत्तर इथंच देतो. हे ऑपरेशन म्हणजे नसबंदी नाही. मर्दानगी जात नाही, अंड काढत नाहीत, बीजाची नळी कापत नाहीत. संसार पहिल्यासारखा होतो, माझा झाला. गोळ्या खाल्ल्यानं असलेली सूज उतरत नाही, त्याला ऑपरेशनच, पण गोळ्या तरीही खायच्याच, कारण आपल्या रक्तातले कृमी डास दुसऱ्याच्या पोराला नेऊन देतो आणि त्याला कळायला दहा-पंधरा वर्ष लागतात. गोळी खाल्ल्यावर कोणाला मळमळतं, डोकं गरगरतं, ताप येतो, तो आतले कृमी मरतात म्हणून, एकदोन दिवसात उतरतो. उपाशीपोटी खायच्या नाहीत. दोन वर्षांखालचं लेकरू, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस यांना देत नाहीत, बाकी सर्वांनी खायच्या. आणि अंडकोषाची प्रत्येक सूज हायड्रोसिल नसते, म्हणून स्वतःच नाव ठेवून बसू नका. कडक, न दुखणारी गाठ लागली तर लवकर दाखवा, तरुण पोरांना तिथं कॅन्सर होऊ शकतो. एखाद्या मुलाला अचानक जीवघेणी कळ आली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका, आतल्या आत पीळ बसलेला असू शकतो आणि सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अंड वाचायची आशा जास्त. पोरगा लाजून सांगत नाही आणि रात्र जाते.

आता माझं मागणं. एक तर पेपरवाल्यांनी मोहिमेच्या बातमीत हायड्रोसिल हा शब्द लिहावा, ऑपरेशन फुकट होतं हे लिहावं, आणि कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी होतं ते लिहावं. ज्या पानावर बातमी येते त्याच्या मागच्या पानावर ताकद आणि गुप्तरोगाच्या जाहिराती येतात, त्या येत असतील तर हा शब्द यायला काय हरकत आहे हे मी मनापासून विचारतोय. दुसरं आरोग्य खात्याला, गोळ्या वाटताना आशाताईंच्या सोबत प्रत्येक गावात एक दिवस तरी पुरुष आरोग्य सेवक द्या, आणि त्यानं पुरुषांना बाजूला घेऊन तो एक प्रश्न विचारावा, तसाच हळू आवाजात, काचेकडे बघत. आता म्हणतात २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोग घालवायचा. घालवायचा तर आहेच, पण ज्यांना आधीच झालंय त्यांचं काय, नवीन रोगी शून्य झाले तरी बाजेवर बसलेले मोठे बाबा तिथंच राहतील. आणि ग्रामपंचायतीनं नाल्या मोकळ्या ठेवाव्यात, संडासच्या टाकीच्या पाईपला जाळी बांधावी, साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडावेत. जाळी म्हणजे किती, दहावीस रुपयाचा तुकडा असतो, आमच्या गल्लीत आम्ही सगळ्या पाईपांना बांधली, मच्छर कमी झाल्याचं बायाच सांगतात.

मी यंदा रोवणीला बांधीत उतरलो. बारा वर्षानं. चिखल पायाला थंड लागला. बायकोनं धुऱ्यावरून पाहिलं आणि पेंढी माझ्याकडे फेकली.

माझं नाव-पत्ता तुमच्याकडे दिलेला आहे. छापू नका अशी विनंती करतोय ती माझ्यासाठी नाही, माझ्या गावात सगळ्यांना आता माहीत आहे, मी स्वतःच ग्रामसभेत उभं राहून बोललोय. पण आमच्या घरातल्या एका तरुण मुलालाही सूज आहे आणि त्याचं लग्न व्हायचंय, माझ्या नावावरून लोक त्याच्यापर्यंत पोचतील. तो अजून डॉक्टरकडे यायला तयार नाही. दोघांना मी घेऊन गेलो, दोघांचं ऑपरेशन झालं, हा तिसरा. त्याला मी तीनदा म्हटलं, तो उठून जातो. तो सकाळी दुकानात येतो, बाकावर बसतो आणि तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो.

आपला,
एक वाचक
जि. भंडारा